मोठ्या शहरात परवडणारा भाग शोधायचा तरी कसा? (शहराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही)

रिकामी_पिशवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नोकरी बदलली आहे आणि दोन महिन्यांत एका मोठ्या शहरात बिऱ्हाड हलवायचं आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुने धागे चाळले, नाव आलं रे आलं की पाचव्या प्रतिसादापासून पूर्व चांगली की पश्चिम यावर जुंपते आणि विचारणारा बिचारा तसाच राहतो. मला भाग नको, भाग शोधायची रीत सांगा. तुम्ही कुठल्याही शहरात राहत असाल तरी चालेल.

माझी परिस्थिती अशी: पगार बेताचा. सध्या एकटी, पण वर्षभरात आई राहायला येईल आणि तिचे गुडघे दुखतात. गाडी नाही, घ्यायचीही नाही. ऑफिस शहराच्या मध्यावर, सकाळी सातला हजर, दुपारी चारला सुटका.

नव्या ऑफिसातल्या चौघांना फोन केला. चौघांनी आपापला भाग सुचवला आणि बाकीच्या तिघांच्या भागांना नावं ठेवली. मग घरांच्या ॲपवर भाडं चढत्या क्रमाने लावलं. वर आलेली घरं फोटोत तर बरी दिसतात. मग इतकी स्वस्त का? काहीतरी गोम असणार, पण ती फोटोत दिसत नाही.

---

दोन_खोल्या

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त माझ्याकडे चार महिने आहेत.

---

सरळ_हिशेब

भाडं पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत. जिथे बसेल तो तुमचा भाग. एवढं अवघड काय त्यात?

---

नकाशेवाला

@सरळ_हिशेब, त्या तीस टक्क्यांची जन्मकथा ऐका. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून किती भाडं घ्यायचं यावर १९६९ साली मर्यादा घातली गेली, उत्पन्नाच्या पंचवीस टक्के. १९८१ च्या खर्चकपातीत ती तीस झाली. पुढे तो आकडा जगभर असा फिरला की जणू आजीच्या बटव्यातूनच आलाय.

मला शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेचा हिशेब जास्त पटतो. ते घर आणि प्रवास एकत्र धरतात आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांच्या वर गेलं तर तो भाग परवडत नाही असं मानतात. पगार शंभर धरा. जवळच्या भागात भाडं ३४, प्रवास ४. लांबच्या भागात भाडं २४, प्रवास ९. इथवर लांबचाच भाग स्वस्त वाटतो ना? पण तिथली शेवटची बस साडेआठला जाते. आठवड्यातून दोनदा रिक्षा-टॅक्सी करावी लागली की तो ९ चा आकडा बघता बघता १५ होतो. म्हणजे लांबचा भाग ३९ वर गेला आणि जवळचा ३८ वरच, बचत उरलीच नाही. वर वेळ किती घातला ते वेगळंच. जाताना पन्नास आणि येताना पन्नास मिनिटं जास्त लागली तर महिन्याच्या बावीस दिवसांत साडेछत्तीस तास जातात. म्हणजे आठ तासांचे साडेचार दिवस तुम्ही गाडीच्या दांडीला लटकून भाड्यात भरताय.

---

रातपाळी

दांडीला लटकून हे सगळ्यांना लागू नाही हो. मी अकरा वर्षं पहिल्या थांब्याजवळ राहिलो. तिथून गाडी सुटते त्यामुळे खिडकी नक्की. सव्वा तासाच्या प्रवासात रोज झोप काढली. माझ्या पुढच्या तिसऱ्या थांब्यावरचे लोक माझ्यापेक्षा दहा मिनिटं आधी पोचायचे, पण उभ्याने आणि घामाघूम. भाडं त्यांचंच जास्त. भाग बघताना ऑफिसपासूनचं अंतर बघा, पण जागा मिळते का तेही बघा. गर्दीच्या वेळेला स्वतः एकदा प्रवास करून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

---

सरळ_हिशेब

बरं, तीस टक्के मागे घेतो. पण ताईंचा खरा प्रश्न राहिलाच की. गोम कशी ओळखायची?

---

नकाशेवाला

तिथेच येतोय. (मोठा प्रतिसाद आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढे जावं.)

शहरात मध्यापासून लांब गेलं की जागा स्वस्त होते, हे विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली गणितात मांडलं. ते ठीक, पण आपल्याला रस आहे तो अपवादात. मध्यापासून तेवढ्याच अंतरावरचे दोन भाग, आणि एक दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने स्वस्त. तसा भाग सापडला की पहिला प्रश्न विचारायचा: कारण काय? आणि दुसरा: ते कारण अजून जिवंत आहे का?

भाव पडण्याची कारणं मरतात, पण भाव कितीतरी वर्षं तसाच पडून राहतो. इंग्लंडातल्या जुन्या कारखानदार शहरांचं उदाहरण घ्या. तिथे वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे धुराड्यांचा धूर पूर्वेला जायचा आणि पूर्वेला गरिबांची वस्ती झाली. २०२१ साली छापलेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी ७० शहरांतल्या जवळपास ५,००० जुन्या धुराड्यांच्या जागा शोधून तो धूर कुठे जात असेल याचा हिशेब मांडला. धूर गेला, कारखाने गेले, तरी पूर्वेकडचे ते भाग अजून मागेच आहेत. हे मेलेलं कारण. भाडेकरूने अशाच भागाच्या शोधात राहावं.

काही वेळा मात्र कारण गेल्याची बातमी पसरते आणि भाव झटकन उठतो. बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला, २०१० साली ती अख्खी धावपट्टी लोकांना फिरायला खुली झाली. शेजारच्या गल्ल्यांत तोवर विमानांच्या आवाजामुळे भाडी कमी होती, ती चढली. सोलमध्ये शहराच्या मधोमध असलेला उड्डाणमार्ग पाडून खालचा झरा २००५ साली मोकळा केला, तिथेही तेच. तेव्हा कारण मरायला टेकलंय पण अजून श्वास चालू आहे, अशा वेळी आत शिरता आलं तर उत्तम.

---

दोन_खोल्या

म्हणजे मेट्रोचं काम चालू आहे तिथे?

---

नकाशेवाला

भाड्याने राहायचं असेल तर हो, विकत घ्यायचं असेल तर सांभाळून. मार्ग जाहीर झाला की विक्रीचा भाव तेव्हाच उडी मारतो, कारण घेणारा पुढच्या वीस वर्षांचे पैसे मोजतो. भाडेकरू आजचे पैसे मोजतो. आज तिथे धूळ आहे, खड्डे आहेत, पत्रे ठोकलेत, म्हणून भाडं दबलेलं असतं. फक्त करार लांबचा करा आणि दरवर्षीची वाढ किती ते आकड्यात लिहून घ्या. नाहीतर धूळ तुम्ही खाल्ली आणि पहिली गाडी धावली की घरमालक नवा आकडा घेऊन दारात.

---

वरचा_मजला

माझं एक वेगळंच म्हणणं आहे. कारण जिवंत असलं तरी ते माझ्यापुरतं मेलेलं असू शकतं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्याला जे भाडं आहे त्यापेक्षा आमचं बरंच कमी. प्राचीन रोममध्येही भाड्याच्या इमारतींत गरीब माणूस सगळ्यात वर राहायचा. १८५७ साली न्यूयॉर्कात माणसांसाठीची पहिली लिफ्ट बसली आणि पुढे वरचा मजला श्रीमंतांचा झाला. पण जिथे लिफ्ट पोचलीच नाही तिथे अजून रोमचाच नियम चालतो. आम्ही दोघं तिशीतले, जिन्याचं काही वाटत नाही. इतरांना नकोसा असलेला त्रास आम्हाला होत नाही, त्या त्रासाची सूट मात्र मिळते.

तसंच पार्किंग नसलेली इमारत, गाडी नसलेल्याला. रात्री गजबजणारा रस्ता, रात्रपाळीवाल्याला. चांगली शाळा जवळ नाही, मुलं नसलेल्याला. आपल्याला न टोचणारे काटे कुठले त्याची आधी यादी करा, मग नकाशा उघडा.

---

आजोबा_ऑनलाईन

अहो वरचा मजला, तिशीत आम्हीही असंच म्हणत होतो. तिसरा मजला, बिनलिफ्टचा, स्वस्तात. मग माझं पाठीचं ऑपरेशन झालं आणि दोन माणसांनी खुर्चीत बसवून मला वर नेलं. ते दोघं जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे आणि मी त्यांच्याकडे बघून हसायचो, दुसरं काय करणार. काटा आज टोचत नाही म्हणून उद्या टोचणार नाही असं नसतं. पिशवीताई, तुमच्या आईंचं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, तेव्हा चौथा मजला विसरा.

---

वरचा_मजला

आजोबा, मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून आमचा करार अकरा महिन्यांचाच असतो.

---

ओली_भिंत

कारणांची चर्चा छान चाललीय, पण एक कारण कधीच मरत नाही, ते म्हणजे पाणी. माझ्या अनुभवावरून सांगते. पहिलं घर घेतलं उन्हाळ्यात. नवा रंग, स्वच्छ फरशी, भाडं कमी. दलाल म्हणाला, मालक परदेशात आहे, त्यांना भाड्याची पडलेली नाही. पावसाळ्यातल्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पाय खाली टाकला तर चपला तरंगत होत्या.

तेव्हापासून घर बघायला गेले की आधी घर बघतच नाही. खालच्या दुकानांचे उंबरे बघते. एखाद्याने दारात वीतभर उंच कट्टा घातला असेल तर त्याची आवड असेल. सलग पाच दुकानांनी घातला असेल तर तिथे पाणी येतं. मग तळमजल्यावरचे विजेचे मीटर. बाकी इमारतींत ते छातीच्या उंचीवर असतात, इथे डोक्याच्या वर का नेलेत? मग जिन्याखालच्या भिंतीला हात लावून बघते. कमरेपर्यंतच ताजा रंग आणि वर जुना असेल तर ती कमरेची रेघ म्हणजे पाण्याची रेघ. खिळे-बिजागऱ्यांचा गंज बघा, खालची बिजागरी तांबडी आणि वरची स्वच्छ असेल तर काय समजायचं ते समजा.

आणि भागाचं नाव. नावात तळं, ओढा, नाला, खाजण, खाडी असेल तर कधीकाळी तिथे ते होतं म्हणूनच नाव पडलं. तळं बुजवता येतं, उतार बुजवता येत नाही.

---

रातपाळी

मीटरचं निरीक्षण जबरदस्त! वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

केस_कापून_देता_का

भागाची खरी माहिती कोणाकडे असते? दलालाकडे नाही, घरमालकाकडे तर नाहीच. न्हाव्याकडे. अर्धा तास खुर्चीत बसायचं, समोर आरसा, त्याला बोलायचंच असतं. पाणी किती वाजता येतं, कोणती इमारत पाडणार आहेत, रात्री कुठल्या कोपऱ्यावर पोरं बसतात, कोणता मालक अनामत परत देताना रडवतो, सगळं कळतं. मी घर शोधताना एका महिन्यात तीन भागांत तीनदा केस कापले. तिसऱ्याने मान इकडेतिकडे फिरवून विचारलं, "साहेब, कापू कुठले?"

घर त्याच भागात घेतलं. बायकांनी काय करावं ते मला सांगता येणार नाही, पण शिंप्याकडे ब्लाउज टाकला तरी हेच काम होत असावं.

---

कोपऱ्यावरची

होतं. आणि शिंपी दोनदा बोलावतो, त्यामुळे माहिती दुप्पट.

बायकांसाठी माझी भर: बसस्टॉपपासून घरापर्यंतचं अंतर रात्री नऊला चालून बघा. नकाशावर सहा मिनिटं असतात. त्यातली चार बंद गोदामाच्या भिंतीला लागून असतील तर ती सहा नाहीत. उघडी दुकानं, उजेडाच्या खिडक्या, जिन्यात बसलेल्या म्हाताऱ्या मोजा. मी खरंच बोटांवर मोजते. जेन जेकब्ज नावाच्या बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय की रस्त्यावर नजरा असल्या की रस्ता सुरक्षित राहतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी ते वाचलेलं नाही, पण मी किती वाजता आले ते त्या मला न विचारता सांगतात. वैताग येतो, पण तेवढी किंमत मी देते.

---

जुना_भाडेकरू

सगळे व्यवहारी बोलताय, एक कडू गोष्ट मी बोलतो. कितीतरी भाग स्वस्त असतात ते फक्त तिथे कोण राहतं यामुळे. पाणी आहे, बस आहे, रस्ते आहेत, तरी "तिकडे नको" असं सगळे सांगतात. का विचारलं की आवाज खाली आणतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशेच रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. १९६८ साली घराच्या व्यवहारात असा भेदभाव करायला कायद्याने बंदी आली, तरी त्यातल्या कितीतरी वस्त्या अजून गरीबच आहेत. आपल्याकडे नकाशा कोणी रंगवत नाही, ऑफिसातले चौघं फोनवर तोंडानेच रंगवतात.

अशाच एका "नको" भागात मी नऊ वर्षं काढली. चोरी एकदा झाली, सायकलची. त्याआधी "चांगल्या" भागात तीन वर्षांत दोनदा झाली होती. तेव्हा नुसत्या बदनामीवर जाऊ नका, डोळ्यांनी बघा.

---

सरळ_हिशेब

पण मग तुमच्यासारखे सुशिक्षित लोक तिथे गेले की तिथली भाडी वाढतात आणि मूळचे लोक बाहेर पडतात, त्याचं काय? त्याला इंग्रजीत काहीतरी शब्द आहे.

---

नकाशेवाला

जेंट्रिफिकेशन. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनबद्दल लिहिताना तो घडवला.

---

जुना_भाडेकरू

झालं ना. माझ्या डोळ्यांसमोर झालं. समोरचं सायकल दुरुस्तीचं दुकान गेलं, तिथे कुत्र्यांचे केस कापणारा आला. शेवटच्या वर्षी मालकाने भाडं इतकं वाढवलं की मीही बाहेर पडलो. सायकलवाला कुठे गेला ते मी विचारलं नव्हतं, खरं सांगतो.

---

ओली_भिंत

(अवांतर) एकट्या पगारात परवडणारं घर शोधायला निघालेल्या मुलीवर हे ओझं टाकू नका. हा प्रश्न शहराने सोडवायचा आहे. व्हिएन्नाने सोडवलाय. १९२० च्या दशकापासून महापालिका स्वतः घरं बांधतेय, आज तिच्या मालकीची दोन लाखांहून जास्त घरं आहेत आणि शहरातली निम्मी माणसं महापालिकेच्या किंवा अनुदानाच्या घरात राहतात. १९३० साली पुरी झालेली तिथली एक इमारत तर किलोमीटरभर लांब आहे. अशा शहरात स्वस्त भाग कुठला हा धागा कोणी काढत नसेल.

---

दोन_खोल्या

तिथे "नंबर कधी लागणार" हा धागा काढत असतील.

---

ओली_भिंत

😀 तेही खरं.

---

आजोबा_ऑनलाईन

गंमत म्हणून एक. जपानात ज्या घरात खून किंवा आत्महत्या झाली ते घर स्वस्तात मिळतं, आणि भाडेकरूला तसं सांगावं लागतं. किती वर्षं सांगायचं यावर घोळ होता म्हणून सरकारने २०२१ साली मार्गदर्शन काढलं, भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं. म्हणजे भुतालाही मुदत आहे. वरचा मजला यांच्या भाषेत, भुताला न भिणाऱ्यापुरतं ते कारण मेलेलंच.

---

वरचा_मजला

आजोबा, तुम्ही आज फॉर्मात आहात.

---

रिकामी_पिशवी (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी परत आले. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. घर मिळालं.

तुमचं वाचून आधी यादी केली, मला कुठले काटे टोचत नाहीत त्याची. पार्किंग: नको. शाळा: नको. पहाटेचा आवाज: मला पाचला उठायचंच असतं. जिने, पाणी, रात्रीचा अंधार: हे टोचतात, मलाही आणि आईलाही. मग नकाशावर ऑफिसपासून चाळीस मिनिटांच्या आतले सगळे भाग घेतले आणि आजूबाजूपेक्षा ज्यांचं भाडं कमी आहे तेवढेच ठेवले. पाच उरले.

पहिला स्वस्त होता तो चढावर असल्यामुळे, आईसाठी बाद. दुसऱ्यात ओळीने सहा दुकानांचे उंबरे उंच. ओली_भिंत, मी तिथेच तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला. दलाल म्हणत होता डिझाइन आहे. तिसऱ्यात रात्री नऊला चालले आणि अर्ध्यातून परत फिरले. चौथा भाग आवडला, पण तिथल्या शिंपीणबाईंनी सांगितलं की रस्तारुंदीत ती ओळच जाणार आहे. (ब्लाउज मात्र बिघडवला.)

पाचवा बस डेपोला लागून. खिडकीतून डेपोचं आवार दिसतं. समोरच्या तीन इमारती सोडून मागे गेलं की तेवढ्याच घराचं भाडं पगाराच्या शंभरातले सहा जास्त. कारण उघड आहे, पहाटे इंजिनं तापवतात, धूर, हॉर्न. पण गेटवरच्या माणसाशी बोलले तर कळलं की निम्म्या गाड्या विजेवरच्या आल्यात, बाकीच्याही यायच्यात. नकाशेवाला, हे मरायला टेकलेलं कारण ना? म्हणून तीन वर्षांचा करार मागितला, वार्षिक वाढ आकड्यात. मालक लगेच हो म्हणाला. माझ्याआधीचे दोन भाडेकरू सहा-सहा महिन्यांत गेले होते. अजून एक फायदा रातपाळी यांचा: गाडी इथूनच सुटते, खिडकी नक्की. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी शेवटची बस शेवटी माझ्या दारातच येते, तिला दुसरीकडे जायलाच जागा नाही.

पहिला मजला, अठरा पायऱ्या. आईला फोनवर मोजून सांगितल्या.

---

सरळ_हिशेब

अभिनंदन! किती टक्के बसलं शेवटी?

---

रिकामी_पिशवी (धागाकर्ती)

भाडं २९, प्रवास ४. तुमचे तीसही सांभाळले.

---

कोपऱ्यावरची

आणि झोप? खरं सांगा.

---

रिकामी_पिशवी (धागाकर्ती)

पहिले चार दिवस वाईट गेले. पहिली गाडी चार पन्नासला निघते, आता मी गजर लावत नाही. रविवारी ती साडेपाचला निघते, हे कळायला दोन रविवार लागले. दोन्ही वेळा चार पन्नासला जाग आली आणि आज गाडी का नाही म्हणून खिडकीत जाऊन उभी राहिले.